कुबांदिकचा सिनेमा, माझ्या आईचा विलाप

कुबांदिकबद्दल चार शब्द बोला, असं म्हणत परवा टीव्हीवाली एक मुलगी माझ्या घरी आली. मी म्हटलं, "चार शब्दांत नाही बसायचं, बाई. जन्मभर जळलोय मी त्याच्यावर." ती हसली. म्हातारा गंमत करतोय असं वाटलं तिला. मग तिनं कॅमेरा लावला आणि मी तिला हवं ते बोललो: थोर दिग्दर्शक, साधा माणूस, आपल्या डोंगरांचा मुलगा. चहा पिऊन खूश होऊन गेली बिचारी.

आता खरं सांगतो.

आमचं गाव काश्का-सू, नारिन शहराच्याही वर डोंगरात. कुबांदिकचं घर ओढ्याच्या त्या बाजूला, आमचं या बाजूला. दोघं एकाच वर्षी जन्मलो आणि दोघांचे बाप एकाच दिवशी, एकाच गाडीत बसून जर्मनांशी लढायला गेले. त्याचा बाप ओमुरझाक, माझा किदिर. पुढच्याच हिवाळ्यात ओमुरझाकचा काळा कागद आला, म्हणजे माणूस मेल्याची सरकारी चिठ्ठी. कुबांदिकची आई तेव्हा तापानं फणफणली होती, म्हणून गावानं तो कागद दडवून ठेवला. आजारी बाईला असली बातमी कोण सांगणार? ती त्याच तापात गेली. गावातल्या धडधाकट बायका त्या वेळी दूर खाली कालवा खणायला नेलेल्या, त्यांत माझी आईही. त्या परत आल्या तोवर बर्फ वितळला होता, मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, आणि ओमुरझाकचा विलाप राहूनच गेला.

विलाप म्हणजे नुसतं रडणं नव्हे. मेलेल्याच्या दारात करडा तंबू उभारायचा. आत बायका दाराकडे पाठ करून बसतात आणि त्याची बायको किंवा बहीण त्याचं सगळं आयुष्य गाऊन सांगते: कसा होता, कुठल्या घोड्यावर बसायचा, कुणाशी भांडायचा. बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून हंबरडा फोडतात. एवढं झालं की माणूस गेला. नाही झालं, तर तो धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही.

माझ्या बापाचा काळा कागद आलाच नाही. बेपत्ता, एवढंच कळलं. माझी आई आयमकान विलाप गाण्यात अख्ख्या खोऱ्यात पहिली. कुठे कुणी गेलं की तिच्यासाठी घोडा घेऊन माणूस यायचा. परक्यांच्या मयताला दगडाला पाझर फुटेल असं गायची, पण स्वतःच्या नवऱ्यासाठी तिनं कधी तोंड उघडलं नाही. "मी गायले म्हणजे मीच त्याला मारलं," म्हणायची.

मी रोज संध्याकाळी पुलावर जाऊन उभा राहायचो, बाप येतोय का बघायला. कुबांदिक माझ्याबरोबर यायचा. त्याला कुणाची वाट बघायची नव्हती, तरी यायचा. वाळलेल्या दह्याचा गोळा चघळत कठड्यावर बसायचा आणि मी आईकडून ऐकलेलं त्याला सांगायचो. बाप डावखुरा होता, लगाम डाव्या हातानं विणायचा, आणि त्याची तांबडी घोडी होती, पुढचा एक पाय पांढरा. कुबांदिक निमूट ऐकून घ्यायचा.

तुम्ही म्हणाल, यात जळण्यासारखं काय आहे. आहे ना. अनाथाला जेवू घातलं की पुण्य लागतं, त्यामुळे गावात कुठेही चूल पेटली की पहिली वाटी कुबांदिकला. माझा बाप कागदोपत्री जिवंत, म्हणून मी मागे. माझी सख्खी आई कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, पहिला वाडगा त्याच्या हातात द्यायची. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "तुझा बाप येणार आहे की रे." म्हणजे ज्याचा बाप मेलाय त्याचाही मला हेवा वाटायचा. इतक्या लहानपणीच कामातून गेलेला माणूस मी.

वर्षातून दोनदा सिनेमाची गाडी यायची आणि क्लबाच्या भिंतीवर चादर टांगायचे. आम्ही दोघांनी तेव्हाच ठरवलं होतं, मोठेपणी हेच करायचं. १९५९ साली दोघंही मॉस्कोला सिनेमाच्या शाळेच्या परीक्षेला गेलो. तोंडी परीक्षेत म्हणाले, एखादी गोष्ट सांगा, डोळ्यांना दिसली पाहिजे. मी ट्रॅक्टरची सांगितली. गावात पहिला ट्रॅक्टर येतो, म्हातारे आनंदानं रडतात, वर झेंडा. म्हटलं, यांना हेच आवडत असणार. माझ्यामागून कुबांदिक आत गेला आणि बाहेर आला तो मान खाली घालून.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"पुलाची गोष्ट."

"कुठल्या पुलाची?"

"आपल्याच. एक मुलगा रोज पुलावर जाऊन बापाची वाट बघतो. बाप डावखुरा असतो."

"तो मुलगा मी आहे, कुबांदिक."

"हो," तो म्हणाला. "रागावू नकोस, जोल्चू. तिथे गेल्यावर दुसरं काही डोळ्यांसमोर येईचना."

तो पास झाला. मी नापास. याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा. थंडीत पुलावर उभा राहिलो मी, नाक गळलं माझं, आणि दिग्दर्शक झाला हा. गाडीत बसून चार दिवस एकटा परत आलो आणि फ्रुंझेच्या स्टुडिओत जोडणी विभागात चिकटलो. फिल्मच्या पट्ट्या कापायच्या आणि चिकटवायच्या. बिश्केकला तेव्हा फ्रुंझे म्हणायचे.

पाच वर्षांनी तो शिकून आला. गावात मेंढा कापला, आणि आमच्या घरात, माझ्या आईनं, मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं. तो मान सगळ्यात वडीलधाऱ्याचा. माझ्या ताटात बरगडी आली. कुबांदिकनं डोक्याचा कान कापून माझ्या ताटात टाकला, तसं करायची रीतच आहे, तर तोही मला टोचला. कान म्हणजे धाकट्याचा वाटा.

तरी मी हिंमत सोडली नव्हती. १९६६ साली खूप मिनतवाऱ्या केल्यावर स्टुडिओनं मला दहा मिनिटांचा सिनेमा करायला दिला. माझा पहिला. त्यात शेवटी एक विलाप हवा होता. घरात सोन्याची खाण असताना मी बाहेर कशाला जाऊ? गावी आलो आणि आईला म्हटलं, "तू गा."

"कोण गेलं?"

"कुणी नाही. नट झोपणार आहे, पांढऱ्या कापडाखाली."

आईनं हातातला कणकेचा गोळा परातीत टाकला. "जित्या माणसावर विलाप गाऊ? आणि उद्या त्याला काही झालं, तर त्याच्या आईला काय तोंड दाखवू?"

"आई, तो सिनेमा आहे."

"मरणाला काय कळतं सिनेमा आहे का काय ते? असलं काही पुन्हा घरात बोलायचं नाही."

शेवटी मी नाटकातली एक बाई आणली. तिनं असा काही गळा काढला की गावात सिनेमा दाखवला तेव्हा म्हाताऱ्या पदराआड तोंड लपवून हसल्या. वर स्टुडिओतही कुणाला तो आवडला नाही. त्यानंतर मला परत सिनेमा मिळाला नाही. माझी कारकीर्द दहा मिनिटांची, त्यातली दोन टायटलची. आणि हे माझ्या आईच्या एका नकारानं झालं असं मी धरून बसलो.

मग आलं १९६८. कुबांदिकला मोठा सिनेमा मिळाला, "वरचं कुरण". मी त्याचा जोडणीवाला आणि वर सहायकही. त्याच्याही गोष्टीत विलाप होता. मी मनात म्हटलं, ये बेट्या, आता तूही आपट तोंडावर.

तो आमच्या घरी आला, चहा प्यायला, भाकरीचा तुकडा मोडला. मी दाराशी उभा. सिनेमाचं नावही काढलं नाही त्यानं.

"काकू," तो म्हणाला, "माझ्या बापाचा विलाप राहिलाय. पंचवीस वर्षं झाली. त्याच्या बाजूची गाणारी एक बाई उरली नाही घरात. मी कुरणात करडा तंबू उभारतो, त्याची टोपी आणि कोट घोड्यावर चढवतो, सगळं रीतीनं करतो. तुम्ही गाल का त्याच्यासाठी? माझा कॅमेरा तिथे असेल, हे आधीच सांगतो. नको असेल तर नुसतंच गा, कॅमेरा बंद ठेवीन."

आई म्हणाली, "ओमुरझाक माझ्या लग्नात नाचला होता." आणि उठून काळं पांघरूण शोधायला लागली.

मला तिथल्या तिथे रडू फुटायचं बाकी होतं. मला का नाही सुचलं हे? माझा बाप नव्हता का? माझी आई नव्हती का? पण मी नट घेऊन आलो होतो, आणि हा आपला मेलेला बाप घेऊन आला.

विलाप दुपारी झाला, वरच्या कुरणात. आत बायका, कॅमेरा आणि कुबांदिक. बाहेर आम्ही पुरुष काठ्यांवर वाकून ओरडत होतो, त्यामुळे आतले शब्द मला ऐकू आले नाहीत. तंबूची कड उचललेली होती, तिथून एवढं दिसलं की कॅमेरावाला फिल्म संपत आल्याची खूण करतोय आणि कुबांदिकनं त्याचं मनगट घट्ट धरलंय. थांबू देईना. एकामागून एक डबे लावले. त्याबद्दल पुढे त्याच्यावर ठपकाही ठेवला. मी आपला बाहेर हिशेब करत होतो की माझ्या अख्ख्या सिनेमाला जेवढी फिल्म दिली तेवढी यानं माझ्याच आईवर उडवली.

आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "झालं बाबा, एकदाचं झालं." मला वाटलं, काम झालं म्हणतेय.

कुरणातल्या थंडीनं कुबांदिकला न्यूमोनिया झाला आणि तो दवाखान्यात पडला. जोडणी माझ्या एकट्याच्या हातात आली. पहिल्या दिवशी मी विलापाची आवाजाची टेप लावली. अकरा मिनिटं होती. पहिली चार मिनिटं ओमुरझाक: कसा नाचायचा, कसा हसायचा, त्याच्या अनाथ पोराचं कसं झालं. सुंदर होतं. मग आई क्षणभर थांबली. श्वास घेतल्याचा आवाज आला. आणि पुढे जो माणूस आला तो डावखुरा होता. तो डाव्या हातानं लगाम विणत होता, पांढऱ्या पायाच्या तांबड्या घोडीवरून पूल ओलांडून जात होता, आणि त्याची बायको त्याला सांगत होती की सव्वीस वर्षं तुझी वाट बघितली, आता पाय दुखतात, आता मी तुला जाऊ देते.

सात मिनिटं. माझ्या बापाचा विलाप, जो मी जन्मात ऐकला नव्हता.

एखाद्या बऱ्या मुलानं तिथे डोकं टेकवून रडून घेतलं असतं. मीही रडलो, नाही असं नाही. पण मग डोळे पुसले. पूल यानं नेला. आता बापही नेणार? माझ्या बापाचं मरण याच्या सिनेमात, याच्या नावाखाली, आणि टाळ्या याला? माझ्यासाठी जिनं तोंड उघडलं नाही, तिनं याच्या तंबूत माझा बाप मोकळा केला. मी कात्री उचलली. ओमुरझाकची चार मिनिटं ठेवली आणि आई श्वास घेते तिथे कापलं. राहिलेली टेप पुसायच्या ढिगात टाकली. आवाजाची टेप तेव्हा पुसून परत वापरायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्यावर कुठल्यातरी बँडचा सराव भरला होता.

कुबांदिक बरा होऊन आला. खुर्चीत बसून त्यानं तो भाग बघितला.

"बाकीचं?" त्यानं विचारलं.

"पुसायला गेलं. टेपची टंचाई होती. लांबतही होतं ते."

त्यानं माझ्याकडे बघितलं. सिगरेट काढली, पेटवली नाही, परत खिशात ठेवली. "बरं," म्हणाला. त्याला काही कळलं नाही असं वाटून मी निश्चिंत झालो.

त्या वर्षी शरदात सिनेमा काश्का-सूच्या क्लबात लागला. कुबांदिक तेव्हा तो घेऊन वॉर्साला गेला होता, गावी मी आलो होतो. आई सकाळपासून तयार होती. सात म्हाताऱ्या घेऊन पहिल्या रांगेत बसली. त्यांच्यातल्या काही त्या दिवशी तंबूत होत्या, त्यांना सगळं माहीत होतं. पडद्यावर तिचा आवाज आला, ओमुरझाक नाचला, हसला, आणि आवाज तुटला. डोंगर दिसला, मेंढ्या दिसल्या. आई पुढे वाकून बसली होती, ती सिनेमा संपून दिवे लागले तरी तशीच.

"त्याचा भाग कुठे गेला?" तिनं मला विचारलं.

मला वाटलं होतं, तिला कळणारही नाही.

"तू म्हणाला होतास, हा सिनेमा दूर दूर जातो," ती म्हणाली. "जर्मनांकडेही जातो. म्हटलं, तो जिथे पडला असेल तिथे जाईल. त्याला ऐकू जाईल. म्हणून तर मी कॅमेऱ्यासमोर गायले, जोल्चू. कुणी कापलं?"

सगळ्या म्हाताऱ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"कुबांदिकनं," मी म्हणालो.

बस्. एक शब्द. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"आपला बाप ठेवला आणि माझा माणूस कापला," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. मी म्हटलं, परत गा, मी टेप घेऊन येतो. ती म्हणाली, "माणूस दोनदा मरतो का?" आणि त्यानंतर ती कुणाच्याच मयताला गायली नाही.

कुबांदिक वॉर्साहून आला तो थेट आमच्या दारात, तिच्यासाठी शाल घेऊन. आई उंबऱ्यात उभी होती. आमच्याकडे वैऱ्यालाही भाकरी पुढे केल्याशिवाय परत पाठवत नाहीत. तिनं त्याला बघितलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. अंगणात मी आणि तो. त्यानं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी गवताची पेंढी बांधायला लागलो, बांधलेलीच परत.

"काकू थकलेल्या दिसतात," तो म्हणाला. शाल कुंपणावर ठेवली आणि गेला.

गाव लहान, बातमी मोठी. स्वतःचा बाप ठेवून आयमकानचा नवरा कापणारा, अशी त्याची ओळख झाली. कुणी भांडलं नाही, पण लग्नाला बोलावणं जाईना, वाटेत भेटला तर लोकांना घोड्याचा पट्टा आवळायची आठवण व्हायची.

आणि बाहेर? बाहेर वेगळीच तऱ्हा. टीकाकारांनी लिहिलं, विलाप जिथे तुटतो ती जागा म्हणजे संयमाची कमाल, दिग्दर्शकानं श्वासावर कापण्याचं धाडस केलं. बक्षिसं मिळाली. मला सांगा, याला काय म्हणावं? पाप मी केलं आणि त्याचंही कौतुक त्याच्या पदरात. मी घरी त्या मासिकाचे तुकडे केले. कुबांदिकला कुणी त्या जागेबद्दल विचारलं की तो विषय बदलायचा. कौतुक घेतलं नाही, दोषही झटकला नाही.

त्यानंतर त्यानं आणखी चार सिनेमे केले. एक वरच्यांना पटला नाही म्हणून कपाटात पडला, बाकीचे फिरले. चारही मी जोडले. लोक विचारायचे, तुमची जोडी कशी टिकली? मी म्हणायचो, गाववाले ना.

आई १९८६ साली गेली. मी तंबूबाहेर काठीवर वाकून उभा होतो. लांबून एक घोडेस्वार आला, वाटेतच उतरला आणि "माझी आई गेली हो" म्हणून ओरडत पडत-धडपडत चालत आला. कुबांदिक. पन्नाशीला आलेला माणूस, मुलासारखा रडत होता. माझा आवाज फुटत नव्हता, आणि याचा हंबरडा डोंगरावर आपटून परत येत होता. खरं सांगतो, तिथेही माझ्या मनात आलं, माझ्या आईच्या मयताला सुद्धा हा माझ्यापेक्षा चांगला रडतो.

माती दिल्यावर आम्ही ओढ्यावर हात धुवायला गेलो. मला राहवेना. म्हटलं, "कुबांदिक, त्या टेपचं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तंबूत मी होतो ना. तिनं डावखुरा म्हटलं तेव्हाच मला कळलं, कुणाचं चाललंय ते. म्हणून तर कॅमेरा थांबवू दिला नाही."

"आणि मी तिला काय सांगितलं, ते?"

"तिनं दार लावलं त्या दिवशी कळलं. तुझं तोंड बघून."

"मग सांगितलं का नाहीस तिला? अठरा वर्षं?"

त्यानं हात झटकले, पाणी उडालं. "नवरा तिला मिळाला नाही. मुलगा एकच होता. तोही मी काढून घेऊ?"

मी त्याला म्हटलं, आता गावाला सांगतो. तो म्हणाला, "तुझं तू बघ." आणि मी नाही सांगितलं. का, ते ऐका, लाज सोडूनच बसलोय. सगळ्या जगात त्याला मान होता. फक्त काश्का-सूमध्ये नव्हता. काश्का-सूमध्ये मला होता: आयमकानचा मुलगा, किदिरचा मुलगा. तेवढं एक गाव माझ्याकडे होतं आणि ते मला सोडवेना.

पुढे देश बदलला, स्टुडिओच्या मोठ्या दालनात सोफे-कपाटं विकायला लागले, आणि आम्ही दोघं म्हातारे लग्नांची शूटिंगं करत फिरायचो. कॅमेरा त्याचा, दिवा माझ्या हातात. नवरीचे मामा त्यालाच उस्ताद म्हणायचे. गावाकडचं आमंत्रण मात्र त्याला कधी आलं नाही. एकदा परतताना गाडीत म्हणाला, "जोल्चू, मला पुरायचं मात्र काश्का-सूला. तेवढं लोकांशी बोल." मी बोलतो म्हटलं. याही वसंतात तो आजारी पडला तेव्हा म्हटलं, बोलतो. तो गेला आणि शहरातल्या कबरस्तानात गेला.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण मात्र मी हट्टानं गावात घातलं. म्हटलं, आता तरी. क्लबात सिनेमा लावला, नंतर सगळे जेवायला बसले. त्याची मुलगी शहरातून आलेली, कोपऱ्यात बसली होती. तिनं हळूच विचारलं, शाळेला वडिलांचं नाव देता येईल का. सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. मग सुयुन मास्तर, गावातले निवृत्त हेडमास्तर, म्हणाले, "मुली, तुझे वडील मोठेच. पण किदिरचा विलाप त्यांनी कापला, ही गोष्ट हे गाव विसरू शकत नाही."

मी उठलो. चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे, पण उठलो.

"कापला मी," मी म्हणालो. "कुबांदिक तेव्हा दवाखान्यात होता. कात्री माझ्या हातात होती. जळून कापला. आणि आईला खोटं सांगितलं, त्याचं नाव सांगितलं. त्याला माहीत होतं आणि तो मरेपर्यंत गप्प राहिला."

मला वाटलं आता थुंकतील, आणि थुंकावं असंच वाटत होतं. सुयुन मास्तरांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरले होते.

"बघा," ते पोरांना म्हणाले, "याला म्हणतात मित्र. मेलेल्याचं ओझं आपल्या पाठीवर घेतोय."

"मास्तर, ओझं माझंच आहे. खरं सांगतोय मी."

"अरे, स्वतःच्या बापाचा विलाप कोण कापेल? असा मुलगा अजून कुणी जन्माला घातला नाही."

बुरमा काकू, नव्वदीच्या, त्या दिवशी तंबूत आईच्या शेजारी बसलेल्या, त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "पुरे रे बाळा," त्या म्हणाल्या. "आयमकाननं सोनं जन्माला घातलं. जा, तुझ्याकडे बघून आम्ही केलं त्याला माफ." कुबांदिकची मुलगी रडत माझ्याकडे बघत होती. तीही मान हलवत होती, हो म्हणून, उपकार झाल्यासारखी.

मी परत सांगितलं. तारीख सांगितली, टेप सांगितली, बँड सांगितला. जितकं सांगावं तितके ते जास्त रडत होते. मग मागून कुणीतरी म्हणालं, "शाळेला जोल्चूकाकांचंच नाव देऊ या की." आणि दोन-चार माना डोलल्या.

मी नको म्हणायला तोंड उघडलं. म्हणालोही, नको म्हणून. पण त्याआधी एक क्षण मला बरं वाटलं होतं.